‘आणखी जरा आवळ की!’

सिंकखाली पातेलं ठेवायची वेळ आली की घरातला प्रत्येक जण हाच सल्ला देतो. आमच्याकडे एका रविवारी तांबड्या-पांढऱ्याची भांडी पडली होती आणि खाली टपटप सुरू. मी पाना घेऊन प्लास्टिकचा नट आवळत गेलो, शेवटी नटच चिरला.

खरं तर सांडपाण्याच्या पाइपात दाब जवळपास नसतोच. गच्चीवरची टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर नळात साधारण 1 बार दाब येतो. सिंक काठोकाठ भरलं, तरी खालच्या बॉटल ट्रॅपवर, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागावर, उभं पाणी जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे दाब विसाव्या हिश्श्याएवढा. तो अडवायला ताकद नको, वॉशर सगळीकडून सारखा टेकायला हवा.

रबर दाबलं की त्याचं आकारमान जवळजवळ घटत नाही. ते बाजूला सरकतं आणि बारीकसारीक खाचांत शिरतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली फट बुजवणारी चकती, बसवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जातो. सिंकखाली मात्र आपण पाइप तिरका घुसवतो. मग वॉशर एका बाजूला चेंगरतो, दुसरीकडे फट राहते, नट कितीही फिरवा. आधी पाइप सरळ करा, नट हातानेच बसवा, वाटलंच तर वर पाव फेरा. वॉशर निमुळता असेल तर त्याची निमुळती बाजू नटाकडे नको, पाइप ज्यात शिरतो त्या भागाकडे हवी. एकदा चपटा झालेला जुना वॉशर पुन्हा वापरू नये. आणि तो सरकावा म्हणून खोबरेल लावू नका, तेलाने साधं रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

टेफलॉन टेपचंही तसंच. आट्यांमधूनच पाणी अडवायचं असेल तिथे ती उपयोगी. ट्रॅपच्या नटाचे आटे फक्त वॉशर दाबतात. तिथे टेप गुंडाळली तर उलट नट वाकडा चढतो.

चरबी थिजून पाइप तुंबला की आधी सरकन निघून जाणारं पाणी जोडापाशी साचून राहतं आणि दडलेली फट उघडी पडते. त्यावर उकळतं पाणी ओतायचा मोह होतो. पण पीव्हीसी तापलं की मऊ पडतं आणि लांबतंही: अर्धा मीटर पाइप 50 अंशांनी तापला तर दीड-पावणेदोन मिलिमीटर. रोजच्या या ढकलाढकलीने जोड सैलावतात. रश्शाचा तवंग आधी कागदाने पुसून काढलेला बरा.

गळती शोधताना सगळे जोड कोरडे पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा, सिंक भरून बूच एकदम काढा. मग वरून खाली एकेक जोडाला कोरडा टिश्यू लावत या. थेंब पडतो सगळ्यात खालून, पण पाणी बऱ्याचदा वरून ओघळत आलेलं असतं. आमच्याकडे ते जाळीच्या कपलिंगखालून, म्हणजे सिंकचा तळ पाइपाला जोडणाऱ्या तुकड्याखालून, येत होतं. चिरलेल्या नटाचा काही दोष नव्हता.