साउथ पुल्लूच्या धुळीखाली काय आहे: कोरड्या डोंगरातल्या पर्माफ्रॉस्टची पार्श्वभूमी

तुर्भ्याला मार्केटजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं मेंटेनन्स मी बरीच वर्षं बघायचो, तिथल्या एका जुन्या चेंबरची फरशी मधोमध चांगली चार बोटं वर आली होती, दार नीट लागेना, फोर्कलिफ्ट अडायची. आत उणे 20, खालचं इन्सुलेशन भिजून गेलेलं, त्यामुळे थंडी वर्षानुवर्षं खाली उतरत राहिली आणि बिल्डिंगखालची ओली माती चक्क गोठली. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे शाळेत शिकतो आपण, पण खरा घोळ वेगळाच असतो, गोठणारी माती खालून आणखी ओलावा वर ओढून घेत राहते आणि बर्फाच्या चकत्यांवर चकत्या जमत जातात. म्हणून चांगल्या कोल्ड स्टोरेजमध्ये फरशीखाली हीटर किंवा हवेचे पाइप टाकतात. म्हणजे थंडी करायच्या जागेखाली गरम ठेवावं लागतं, हे घरी सांगितलं की कोणाला पटत नाही.

मग जूनमध्ये ठाण्याच्या ग्रुपबरोबर लडाखला गेलो, लेहहून खारदुंग ला ही खिंड चढताना साउथ पुल्लूला गाड्या थांबतात, समोर नुसते दगड, धूळ आणि वरून भाजणारं ऊन. बर्फ म्हणाल तर लांब शिखरांवर. आणि त्याच उतारावर शास्त्रज्ञांनी पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, आहे का हे बघायला यंत्रं लावून मोजमाप केलंय हे मला परत आल्यावर वाचून कळलं! तेव्हापासून मी याचा इतिहास शोधतोय, कारण इतकी महत्त्वाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचायला एवढा उशीर का लागला हेच मला कळत नव्हतं.

पर्माफ्रॉस्टची व्याख्या एकदम सोपी आहे, सलग दोन वर्षं किंवा जास्त शून्य किंवा त्याखाली राहिलेली जमीन. माती असो, दगड असो, बर्फ असलाच पाहिजे असंही नाही. वरचा थोडा थर उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत परत गोठतो, त्याला अ‍ॅक्टिव्ह लेयर म्हणतात, आपण चालतो तो हाच.

याची ओळख झाली ती सपाट सायबेरियात, आणि तीसुद्धा पाण्यासाठी. याकुत्स्कला एका व्यापारी कंपनीतल्या शेर्गिन नावाच्या माणसाने 1828 ला विहीर खणायला घेतली, 1837 पर्यंत 116 मीटर खाली गेला आणि पाणी काही लागलं नाही, खाली सगळं गोठलेलंच. पुढे 1840च्या दशकात मिडेंडॉर्फ नावाच्या संशोधकाने त्याच विहिरीत थर्मामीटर सोडून मोजलं तर तळाशीही शून्याखालीच. इंग्रजीतला पर्माफ्रॉस्ट हा शब्द मात्र बराच नंतरचा, दुसऱ्या महायुद्धात अलास्कात रस्ते आणि धावपट्ट्या बांधताना अमेरिकन सैन्याची कामं खचायला लागली तेव्हा 1943 ला सीमन म्युलर या भूवैज्ञानिकाने सैन्यासाठी रिपोर्ट लिहिला त्यात तो रुजला. बघा, दोन्हीकडे कोणीतरी खणायला किंवा बांधायला गेलं तेव्हाच जमिनीने स्वतःची ओळख दिली.

डोंगरात इतक्या उंचीवर खणायला जाणार कोण? त्यात कोरडा डोंगर तर काहीच दाखवत नाही. सायबेरियात निदान दलदल असते, वाकडी झालेली झाडं असतात, लडाखमध्ये झाडंच नाहीत. पाऊस आणि बर्फ मिळून लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पडतो, ठाण्यात तेवढा जुलैच्या एका दिवसात पडून जातो. पण गंमत म्हणजे हा कोरडेपणाच थंडीच्या बाजूने काम करतो. बर्फाची जाड चादर जमिनीला गोधडीसारखी असते, थंडीत आतली ऊब धरून ठेवते, आणि कोरड्या डोंगरात ही गोधडी पातळ, त्यामुळे जानेवारीतली थंडी थेट आत घुसते. मोठ्या दगडांच्या ढिगात गार हवा जड म्हणून खाली बसते आणि तिथेच राहते. वर ढग कमी म्हणून रात्री उष्णता आकाशात निघून जाते. दिवसा ऊन कितीही कडक असलं तरी सावलीतला उत्तरेकडचा उतार आणि उन्हातला दक्षिणेकडचा उतार यात एवढा फरक पडतो की एकाच डोंगराच्या एका बाजूला पर्माफ्रॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला नाही असं होऊ शकतं.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण हवाईतलं आहे. मौना केआ, 4,207 मीटर उंच ज्वालामुखी, अक्षांश साधारण आपल्या ठाणे-नाशिक पट्ट्याचाच. तिथल्या माथ्यावरच्या राखेच्या खळग्यात 1970च्या दशकात पर्माफ्रॉस्टचे छोटे तुकडे असल्याचं वुडकॉक या शास्त्रज्ञाने मांडलं, सावली, साचलेली गार हवा आणि अतिशय कोरडं वातावरण यांच्या जोरावर टिकलेले. नंतर परत मोजलं तेव्हा ते खूपच आकसलेले निघाले.

डोंगरातला पर्माफ्रॉस्ट डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः एका रूपात, रॉक ग्लेशियर. बर्फ आणि दगडांचं मिश्रण, वरून नुसता दगडांचा ढीग पण आतून हळूहळू सरकणारा. अलास्कातल्या अशा ढिगांवर कॅप्स या भूवैज्ञानिकाने 1910 मध्येच लिहिलं होतं. अर्जेंटिनात आर्तुरो कोर्ते या शास्त्रज्ञांनी कोरड्या अँडीजमधल्या रॉक ग्लेशियरकडे पाण्याचा साठा म्हणून बघायला शिकवलं, आणि 2010 ला त्या देशाने हिमनद्यांबरोबर त्यांच्या आसपासच्या गोठलेल्या जमिनीलाही संरक्षण देणारा कायदा केला. स्वित्झर्लंडमध्ये 1987 ला कोरवाच शिखराजवळच्या मुर्तेल रॉक ग्लेशियरमध्ये बोअर घेऊन तापमान मोजायला सुरुवात झाली, ती नोंद आजही चालू आहे. 2003 च्या उष्ण उन्हाळ्यात आल्प्समध्ये कडे कोसळले, मॅटरहॉर्नवरून गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं, तेव्हा सगळ्यांना पटलं की भेगांमधला बर्फ हाच त्या दगडांचा सिमेंट होता.

तिबेटमध्ये तर बांधकामानेच अभ्यास करायला लावला. गोलमुड ते ल्हासा रेल्वे 1 जुलै 2006 ला सुरू झाली, 1,142 किलोमीटर, त्यातले साधारण 550 पर्माफ्रॉस्टवरून, सगळ्यात उंच जागा 5,072 मीटर. रुळांच्या बाजूला जे पाइप रोवलेत त्यात अमोनिया आहे! खाली जमिनीच्या उबेने त्याची वाफ होते, ती वर जाते, बाहेरच्या थंडीत परत द्रव होऊन खाली येते, उष्णता बाहेर टाकली जाते आणि रुळांखालची जमीन गोठलेलीच राहते, कॉम्प्रेसर नाही, वीज नाही. आयुष्यभर कोल्ड स्टोरेज थंड करणाऱ्या अमोनियाच्या प्लांटवर काम केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल विचार करा.

आणि आपल्या बाजूला? नेपाळच्या खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, जपानी शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात जमिनीचं तापमान मोजलं, पण त्यानंतर बराच काळ लक्ष सगळं हिमनद्यांकडे. 2017 मध्ये हिंदुकुश-हिमालयाचा आढावा आला त्यात म्हटलंय की या भागातल्या जवळपास सगळ्या देशांमध्ये पर्माफ्रॉस्टचं क्षेत्र हिमनद्यांपेक्षा जास्त आहे आणि प्रत्यक्ष मोजमाप मात्र फार थोडं. मला ही गोष्ट खरंच टोचते. साउथ पुल्लूला, 4,727 मीटरवर, 2015 ते 2017 अशी दोन वर्षं ऊन, वारा, बर्फ, जमिनीचं तापमान असं सगळं मोजलं गेलं, लेहच्या वरच्या गांगलास खोऱ्यात.

दरम्यान घटना थांबल्या नव्हत्या. ऑगस्ट 2014 ला मनाली-लेह रस्त्यावरच्या ग्या गावाच्या वरचा तलाव फुटला, दगडमातीचा नैसर्गिक बांध वरून ओसंडून नाही तर त्याच्या आतला बर्फ वितळून पोटातून वाट झाली. ऑक्टोबर 2023 ला सिक्कीमच्या साउथ ल्होनाक तलावात काठावरचा गोठलेला उतार, जवळपास 1 कोटी 47 लाख घनमीटर, रात्रीतून कोसळला आणि त्या लोंढ्याने चुंगथांगचं तीस्ता धरण वाहून नेलं. सिक्कीम लडाखइतकं कोरडं नाही, पण उतार धरून ठेवणारा बर्फ तोच.

ग्याला लोक बघत होते ते वरचं पाणी, आणि बांध सुटला तो आतून. तुर्भ्यालाही आम्ही चेंबरचं तापमान दर तासाला लिहायचो, फरशीखाली मात्र एकही थर्मामीटर नव्हता.