कुत्र्याचं पाय झाडणं आणि मांजराचं माती ओढणं: दिसायला सारखं, कामं मात्र उलटी

कुत्र्याची शी झाली की तो मागच्या पायांनी जमिनीवर खरर्र खरर्र असे तीनचार फटके मारतो, माती आणि गवत मागे उडतं, आणि मग मान वर करून ऐटीत पुढे चालायला लागतो. घरी कुत्रा असेल तर हे तुम्ही शंभर वेळा बघितलं असेल. सगळेच कुत्रे करतात असं नाही, पण जे करतात ते अगदी मनापासून करतात. आणि बघणारं कोणीतरी हमखास म्हणतं, 'किती स्वच्छ आहे हो तुमचा कुत्रा, मांजरासारखी माती टाकतो वर'.

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा घरात कुत्री आणि मांजर दोन्ही आले आणि रोज दोघांचं बघून बघून लक्षात आलं की अरे, ह्यात पाय हलतात आणि माती हलते एवढंच काय ते सारखं आहे, बाकी काहीच जुळत नाही. माझी कुत्री इतका जोर लावून माती उडवते पण ती शीवर पडतच नाही, कुठेतरी दोन हात लांब जाऊन पडते, आणि शी आहे तशी उघडी. तिला झाकायचं असतं तर एकदा तरी वळून बघितलं असतं ना की झाकली गेली का? कधीच बघत नाही. कधीकधी तर शी केलेल्या जागेपासून चार पावलं पुढे येऊन मग पाय झाडते.

आता मांजराकडे बघा. मांजर आधी जागा हुंगतं, पुढच्या पंज्याने छोटा खड्डा करतं, काम उरकतं, मग वळतं, वास घेतं, पुढच्या पंज्याने माती ओढतं, परत वास घेतं, अजून वास येतोय असं वाटलं तर परत ओढतं. सगळं लक्ष त्या एका जागेवर. नाक तपासणी करतंय आणि पंजा काम करतोय. कुत्र्याच्या प्रकरणात मागचे पाय काम करतात आणि नाक बहुतेक वेळा भलतीकडेच असतं, समोर कोण येतंय ते बघण्यात.

मला सगळ्यात पटलेला पुरावा वेगळाच आहे. कुत्र्याला वस्तू झाकता येत नाही असं अजिबात नाही, त्याला उत्तम झाकता येतं! हाड लपवताना बघितलंय का कधी? पुढच्या पायांनी खड्डा करतो, हाड आत ठेवतो, आणि मग नाकाने माती ढकलून ढकलून वर लोटतो, नाकावर माती लागलेली असते ती त्यामुळेच. लांडगे आणि कोल्हे पण उरलेली शिकार अशीच पुरतात. म्हणजे कुत्र्याच्या जातभाईंची झाकायची पद्धत ठरलेली आहे आणि ती नाकाची आहे, मागच्या पायांची नाही. घरातल्या कुत्र्याने सोफ्यावर बिस्कीट ठेवून नाकाने हवेतच ढकलल्यासारखं केलं तर ते पण हेच, माती नाही तरी सवय आहे. पण शी केल्यावर नाकाने माती लोटणारा कुत्रा मी तरी बघितलेला नाही.

मग पाय का झाडतो? तर लपवायला नाही, उलट सांगायला की 'मी इथे येऊन गेलो'. कुत्र्याच्या पंज्याच्या गाद्यांमध्ये घामाच्या ग्रंथी असतात, बोटांच्या मधल्या कातडीतही ग्रंथी असतात, त्यामुळे पाय घासले की पंज्याचा वास जमिनीला लागतो. शू किंवा शीचा वास आधीच तिथे आहे, त्यात हा दुसरा वास, वर उकरलेल्या ताज्या मातीचा आणि तुटलेल्या गवताचा वास. शिवाय जमिनीवर ओरखडे दिसतात, म्हणजे नाकाने कळायच्या आधी डोळ्यांनीच कळतं की इथे काहीतरी आहे. आणि पाय झाडताना जर समोर दुसरा कुत्रा उभा असेल तर त्याला तो सगळा आवेश थेटच दिसतो. मार्क बेकॉफ ह्या प्राणी-वर्तनाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये नर कुत्र्यांच्या ह्याच सवयीवर लिहिलं होतं आणि तिला मिश्र संकेत म्हटलं होतं, वास आणि दिसणं दोन्ही मिळून एक निरोप. माझी कुत्रीसुद्धा एकटी असताना दोन फटक्यांत आटपते आणि रस्त्यापलीकडे दुसरा कुत्रा दिसला की मग थांबतच नाही. (हो, माद्या पण करतात, आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेले कुत्रे पण करतात. हे फक्त नरांचं काम आहे असं समजू नका.)

लांडग्यांमध्ये हे अजून स्पष्ट दिसतं. कळपातला प्रत्येक लांडगा पाय झाडत नाही, मुख्यतः जी जोडी पिल्लं घालते आणि कळप चालवते तीच झाडते. रॉजर पीटर्स आणि डेव्हिड मीच ह्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या लांडग्यांच्या वासाच्या खुणांवर १९७५ मध्ये लिहिलं, त्यात हद्दीच्या कडेला अशा खुणा आतल्या भागापेक्षा साधारण दुप्पट सापडल्या होत्या. झाकायचंच असतं तर हद्दीवर, जिथे शेजारचा कळप येणार आहे, तिथे एवढा खटाटोप कोण करेल?

बरं, मग मांजर का झाकतं? लहान शिकारी प्राणी आहे, स्वतः दुसऱ्याची शिकार होऊ शकतो, त्यामुळे वास कमी केलेला बरा, आणि दुसऱ्या मांजराशी विनाकारण भांडण नको. पण इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे मांजर दरवेळी झाकतंच असं नाही. बाहेर फिरणारी मांजरं हद्दीच्या आसपास मुद्दाम उघड्यावर शी ठेवून जातात. बोका शेपटी वर करून भिंतीवर किंवा दारावर मागे फवारा मारतो ना, तो तर झाकायचा प्रश्नच नाही, तो निरोपच आहे.

आणि वाघ, बिबट्या, हिमबिबट्या हे सगळे मांजराच्याच कुळातले, ते तर मागच्या पायांनी जमीन खरवडतात, त्यावर बऱ्याचदा मुततात किंवा विष्ठा टाकतात आणि निघून जातात. जंगलात काम करणारे लोक वाघाच्या पायवाटेवर हे ओरखडे शोधत असतात. म्हणजे बघा, मांजराच्या कुळात झाकायचं असलं की पुढचा पंजा आणि जमीन खरवडून सांगायचं असलं की मागचे पाय. कुत्र्याचे पण मागचेच पाय. मला हे कळलं तेव्हा सगळं कोडंच सुटल्यासारखं झालं, कारण कुत्र्याच्या पाय झाडण्याची तुलना करायचीच असेल तर ती घरातल्या मांजराशी नाही, वाघाशी करायला हवी.

ह्याचा रोजच्या व्यवहारात फरक पडतो म्हणून एवढं लिहितोय. कुत्रा पाय झाडतोय म्हणजे त्याने झाकलं असं धरून पुढे जाऊ नका, शी तिथेच आहे, ती पिशवीत तुम्हालाच उचलायची आहे. उचलताना त्याच्या मागे उभे राहू नका, बाजूने वाका, नाहीतर माती थेट तोंडावर. पाय झाडतो म्हणून ओरडू पण नका प्लीज, त्याच्यासाठी ते शी करण्याचाच शेवटचा भाग आहे, अर्ध्यात लीश ओढली की तो गोंधळतो. फक्त सिमेंट किंवा डांबरावर जोरात करत असेल तर नखं आणि गाद्या घासून रक्त येऊ शकतं, तेव्हा ओरडण्यापेक्षा खाऊ दाखवून दोन पावलं पुढे न्या किंवा त्याला मातीवरच न्या. आणि रोज झाडणारा म्हातारा कुत्रा अचानक झाडायचा बंद झाला तर कंबर किंवा गुडघा दुखत असू शकतो, डॉक्टरांना तेवढं सांगा. तसंच शी झाल्यावर बूड जमिनीला घासत सरकणं हे वेगळं आहे हं, त्याला पाय झाडण्यात मोजू नका, ते बऱ्याचदा गुदग्रंथी (गुदद्वाराजवळच्या वासाच्या छोट्या पिशव्या) भरल्यामुळे असतं आणि ते डॉक्टरांना दाखवावं लागतं.

आता मांजराबद्दल. रोज झाकणारं मांजर अचानक झाकायचं बंद झालं तर तो हट्ट समजू नका. लिटर, म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यातली माती, बदललं असेल आणि ते पंज्याला टोचत असेल, डबा घाण असेल, सांधे दुखत असतील, किंवा शू करताना जळजळ होत असेल म्हणून ते काम उरकून तिथून पळत असेल. आधी डबा साफ करून जुनं लिटर परत आणून बघा. आणि बोका डब्यात वारंवार जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि शू येतच नाहीये असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याची शूची नळी बंद झालेली असू शकते आणि त्यात जीव जातो, रात्र असली तरी त्याच क्षणी डॉक्टरकडे घेऊन जा.