पंधरा दिवसांनी पुढची तारीख

कोर्टाची तारीख म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. ऑकलंडमधल्या एका न्यायालयात मात्र तारखेला हजर राहणं हाच उपचार आहे. कामकाजाची सुरुवात माओरी प्रार्थनेनं होते. मग एकेक जण न्यायाधीशांसमोर उभा राहतो आणि नशेशिवाय किती दिवस गेले ते सांगतो. आकडा ऐकला की सगळे टाळ्या वाजवतात.

न्यूझीलंडनं 2012 साली ऑकलंड आणि वाइताकेरे इथे व्यसनी आरोपींसाठी ही न्यायालयं, म्हणजे 'ड्रग कोर्ट', सुरू केली. गुन्ह्याच्या मुळाशी दारू किंवा ड्रग्ज असतील आणि आरोपीनं गुन्हा कबूल केला, तर शिक्षा लांबणीवर टाकून आधी उपचार करतात. न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, पोलीस आणि उपचार करणारे एकत्र बसून प्रत्येकाचा विचार करतात. त्यांच्यासोबत 'पोऊ ओरांगा' असतो, माओरी रीतिरिवाज आणि व्यसनमुक्ती या दोन्हींची जाण असलेला माणूस. मला ही नेमणूक फार मोलाची वाटते. उपचार संपल्यावर माणूस परततो तो आपल्याच माणसांत.

मूळ कल्पना अमेरिकेतली. 1989 साली क्रॅक कोकेननं मायामीचे तुरुंग भरून वाहत होते. तेच चेहरे पुन्हा पुन्हा कोर्टात दिसत, तेव्हा तिथे पहिलं ड्रग कोर्ट उभं राहिलं.

शिक्षेची भीती अशा माणसाला का रोखत नाही? व्यसन जडलेल्या मेंदूत समोरच्या नशेची ओढ फार मोठी होते, आणि ती आवरणारा कपाळामागचा भाग दुबळा पडतो. दूरचा फायदा किंवा तोटा अशा माणसाला इतरांपेक्षा खूपच लहान वाटतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसलंय. दोन वर्षांनी होणारी पाच वर्षांची कैद त्याच्या हिशेबात येतच नाही. परवाची लघवीची तपासणी मात्र येते. नावानं ओळखणारे न्यायाधीश पंधरा दिवसांनी "कसं चाललंय?" विचारणार आहेत, हेही येतं.

2012 साली ड्रग कोर्टांच्या दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास झाला. प्रौढांच्या कोर्टांत पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्यांचं प्रमाण 50 वरून साधारण 38 टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण काही अमेरिकी कोर्टांनी हेरॉइनसारख्या व्यसनावरची मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं "एक नशा सोडून दुसरी" म्हणत वर्षानुवर्षे नाकारली. ही औषधं मृत्यू टाळतात. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 39 आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल, तर न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. पुण्यात 'मुक्तांगण'सारखं व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून उभं आहे. उपचार कसे झाले, याचा अहवाल घेऊन कोर्टानं सोडलेल्या माणसानं परत कोर्टात यायचं असतं. त्यासाठी कायदा मुदत देतो जास्तीत जास्त एक वर्षाची. ज्याला परवापलीकडचं दिसत नाही, त्याला एक वर्ष.