भरलेली टाकी आणि रिकामे पिंप

गोव्यात काजूची बोंडे पिकू लागून हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू, सगळीकडे मिळू लागतो, त्याच सुमारास दरवर्षी व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरू लागतो. कडक उन्हामुळे गाडीची टाकी पूर्ण भरू नये, नाहीतर स्फोट होतो. टाकी अर्धीच भरावी आणि दिवसातून एकदा झाकण उघडून वाफ सोडावी, असे त्यात तेल कंपन्यांच्या नावाने बजावलेले असते. कंपन्यांनी वेळोवेळी इन्कार करूनही तो परत येतोच. त्यातला सल्ला नुसता चुकीचा नाही, तो अगदी उलटा आहे.

मुळात द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. शंभर भाग मिश्रणात पेट्रोलची वाफ सुमारे १.४ ते ७.६ भाग असावी लागते. त्याहून कमी असेल तर ज्योत पुढे सरकण्याइतके इंधन नसते, जास्त असेल तर प्राणवायू पुरत नाही. ज्या किमान तापमानाला द्रवावर पेटण्याइतकी वाफ जमते, त्याला प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे, तर डिझेलचा ५० अंशांच्या वर. हा फरक आपल्याकडे चमच्यातही दिसतो. सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असलेली फेणी किंचित कोमट करून काडी दाखवली की निळसर ज्योत धरते. साधारण १५ टक्क्यांचा हुर्राक मात्र काडी विझवून मोकळा होतो, कारण त्याच्यावर त्या तापमानाला पुरेशी वाफच नसते.

आता पेट्रोलची टाकी पाहू. ३० अंशांच्या आसपास टाकीतील मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा तरी, कधी त्याहून अधिक, पेट्रोलच्या वाफेने व्यापलेला असतो. ७.६ टक्क्यांची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असल्यामुळे आतले मिश्रण पेटूच शकत नाही. उन्हाने वाफ आणखी वाढते, म्हणजे मिश्रण पेटण्याजोग्या पट्ट्यापासून आणखी दूर जाते. ठिणगीवाचून आपोआप पेटायला पेट्रोलला अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते, आणि पणजीच्या भर उन्हात उभी केलेली स्कूटर इतकी काही तापत नाही. उलट झाकण उघडून वाफ सोडणारा गृहस्थ नेमक्या टाकीच्या तोंडाशी, जिथे हवा आणि वाफ एकमेकांत मिसळतात तिथे, पेटण्याजोगे मिश्रण तयार करत असतो. टाकी पंपाची नळी आपोआप बंद होते तिथपर्यंतच भरावी, एवढी एक गोष्ट मात्र खरी. त्यावर आग्रहाने ओतलेले पेट्रोल गरम इंजिनावर सांडू शकते.

खरा धोका रिकाम्या भांड्यात असतो. २०० लिटरचे पिंप पेटण्याजोग्या मिश्रणाने भरायला किती पेट्रोल लागेल? २०० लिटरचे १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ; तिचे वजन साधारण ११ ग्रॅम, आणि द्रवरूपात ती १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा. पिंप उपडे करून झटकले तरी एवढे तळाच्या खोबणीत सहज राहते. फोंड्याजवळच्या एका वेल्डरकडे मी पावसाच्या पाण्यासाठी जुने पिंप कापून घ्यायला गेलो होतो. त्याने ते आधी दोनदा साबणाच्या पाण्याने खळबळून घेतले, मग कापायच्या रेषेखाली चार बोटांपर्यंत पाण्याने भरले, आणि तेव्हाच कटर हाती घेतला. वाफेला जागाच उरू द्यायची नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. दारावर लिंबू-मिरचीही टांगलेली होती, पण त्या दिवशी आम्हा दोघांना वाचवणारे पाणीच होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीने-चौपटीने जड असते. ती वर उडून न जाता जमिनीवरून पाण्यासारखी वाहते आणि खड्ड्यात, गटारात साचते. म्हणून बंद गॅरेजमध्ये सांडलेले पेट्रोल पलीकडच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. होडीच्या इंजिनासाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल घेताना कॅन गाडीवर न ठेवता जमिनीवर टेकवावा. वाहत्या पेट्रोलाने साचणारा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरून जातो. पंपावर मोबाइलची जितकी धास्ती घेतली जाते, तितकी या भाराची घ्यायला हवी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नू शी नलिनी’ हे जहाज वादळी वाऱ्यात भरकटून दोनापावलाजवळ खडकांत रुतले, तेव्हा त्यात दोन हजार टनांहून अधिक नाफ्ता होता. लोकांच्या डोळ्यांसमोर काळे किनारे उभे राहिले, पण नाफ्ता पेट्रोलसारखाच रंगहीन आणि झटकन उडणारा. त्याचा धोका वाळूपेक्षा हवेत अधिक होता. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यांवर येणारे डांबराचे गोळे हा निराळा प्रकार. समुद्रात सांडलेल्या जड तेलातला हलका भाग उडून गेल्यावर उरलेला चिकट गाळ वारा आणि लाटा किनाऱ्याला आणून टाकतात. गॅरेजवाले व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओततात ते इंजिनातले काळे तेलही उडून जात नाही, आणि सच्छिद्र जांभ्यातून तेल झिरपायला लागले तर विहीर फार दूर नसते.

आपल्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते, आणि ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे. तरीही पेट्रोलने ग्रीसचे हात धुणारे मेकॅनिक आणि नळी तोंडात धरून एका गाडीतून दुसरीत पेट्रोल ओढणारे महाभाग रोज दिसतात. पेट्रोल पाण्याहून पातळ असल्यामुळे श्वासनलिकेत गेलेले थोडेसेही फुप्फुसात दूरवर पसरते आणि तिथे सूज आणते. म्हणून कोणी ते गिळले तर मीठ-पाणी देऊन उलटी करवू नये, कारण घशातून परत येताना ते श्वासनलिकेत शिरण्याची दुसरी संधी मिळते; माणसाला तसाच थेट इस्पितळात न्यावा.