आधी अंग की आधी खेळ? सीमाभागातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगावात शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणे, स्केटिंग, क्रिकेट, ज्युडो, आणि दाखल होणारी पोरं पहिली-दुसरीतली. पालकांना पडणारा प्रश्न ठरलेला असतो: आत्तापासून एकच खेळ धरायचा की दोन-चार वर्षं नुसतं अंग तयार होऊ द्यायचं? अकादम्या आल्या म्हणून हा प्रश्न आला असं वाटतं खरं, पण या पट्ट्यात तो शंभर वर्षांहून जुना आहे. आणि मुलाच्या व्यायामाचा खर्च ज्याने उचलला, उत्तरही बहुतेक वेळा त्यानेच ठरवलं.

सुरुवातीला हा खर्च गाव उचलायचं. कंग्राळी, कडोली, सांबरा, येळ्ळूर या गावांची कुस्तीची ओढ कोल्हापूरशी बांधलेली. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि त्या वाऱ्याने बेळगावकडचेही आखाडे घुमले. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. आधी हातात फावडं. हौदातली माती उकरायची, ती ताक, तेल, हळद घालून मळायची, मग जोर, बैठका आणि दोरावर चढणं. पकड, खांदे, पाठ आणि मांड्या भरल्या की मग लढायला जोड, म्हणजे बरोबरीचा जोडीदार मिळतो. म्हणजे आधी अंग, मग खेळ, हा क्रम तिथे पक्का होता.

पण तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. ती सगळी मेहनत एकाच खेळासाठी होती आणि मुलींना तिथे दार बंद होतं. शिवाय वाढत्या वयात शेकड्यांनी मारलेल्या बैठका प्रत्येक गुडघ्याला मानवतात असंही नाही. धावण्या-उड्या मारण्याचा अतिरेक झाला की पोरांच्या वाटीखालचं हाड दुखून वर येतं. बोस्टनचे ऑस्गूड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी 1903 मध्येच हे दुखणं स्वतंत्रपणे नोंदवलं होतं. आज ते त्या दोघांच्याच नावाने ओळखलं जातं.

मग खर्चात सरकार आणि राष्ट्रीय चळवळ उतरली. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे शाळेतली कवायत तिकडूनच आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांमध्ये नेले, खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्यात बांधले गेले, व्यायामशिक्षक घडवायला 1938 मध्ये कांदिवलीत सरकारी संस्था निघाली. 1924 च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते, ते अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन, तिथे ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या स्वयंसेवकांची शिस्त लोकांनी पाहिली. या साऱ्यांना हवा होता तो निरोगी, एका तालात चालणारा तरुण. तो कुठल्या खेळात चमकतो याची कुणाला फिकीर नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हाच धागा पुढे गेला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत घडलेले, पुढे आझाद हिंद सेनेत गेलेले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांनी 1954 मध्ये मुलांना कवायत-व्यायाम शिकवणारी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, तीही आधी निर्वासितांच्या मुलांसाठी. त्याच सुमाराला अमेरिकेतली निम्म्याहून अधिक मुलं एका साध्या स्नायू-चाचणीत नापास झाली आणि आयझेनहॉवर यांनी 1956 मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. सर्वसाधारण तंदुरुस्तीचा तो सुवर्णकाळ म्हणायचा, निदान कागदावर.

मराठा रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. या रेजिमेंटचे हॉकीतले गोलरक्षक शंकर लक्ष्मण 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळले. दोन सुवर्ण, एक रौप्य. पण मूळचे ते फुटबॉलचे! हॉकीत मुरले ते फौजेत आल्यावर. उशिरा खेळ बदलून जगात पहिलं येता येतं याचा याहून ठळक पुरावा आपल्या अंगणात दुसरा नसेल.

त्यानंतर मात्र पदकं मोजायचे दिवस आले. 1961 मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1984 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण, आणि पाठोपाठ 8 ते 14 वयातल्या गुणी मुलांना हेरण्याची योजना. लष्करानेही कोवळ्या मुलांना निवडून खेळाडू घडवणाऱ्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या उभ्या केल्या. सोव्हिएत प्रशिक्षणशास्त्रात ‘सामान्य तयारी’ आणि ‘विशेष तयारी’ असे दोन भाग असत आणि लहान वयात पहिल्याचं पारडं जड ठेवलं जाई. आपण लवकर निवड तेवढी उचलली आणि सामान्य तयारीला फाटा दिला, असं माझं मत आहे. त्यात 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांचा सरावावरचा अभ्यास आला. तो व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा होता, पण त्यातून निघालेला ‘दहा हजार तासां’चा मंत्र, म्हणजे एवढे तास सराव केला की माणूस निष्णात होतो, क्रिकेटच्या नेटपर्यंत जाऊन पोचला.

उलट बाजूचा आवाज संशोधकांचा होता आणि तो तसा उशिराच घुमला. ज्यां कोते यांनी 1990 च्या दशकाअखेरीस मांडलं की साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलाने अनेक खेळ चाखावेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये सांगितलं की एकाच खेळाची निवड बहुतेकांनी 15-16 पर्यंत लांबवावी, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी घ्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांनी, आपल्या खेळापासून लांब राहावं. जिम्नॅस्टिक्ससारखे लहान वयातच शिखर गाठणारे खेळ याला अपवाद. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युडोत वाढली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात कांस्य घेऊन आली. एका खेळात कमावलेलं अंग दुसऱ्यात कामी आलं.

आता खर्च पालक करतात. महिन्याची फी भरली की काहीतरी दिसायला हवं, प्रमाणपत्र, पदक, निदान फोटो तरी. सगळ्यात गंमत भरतीच्या अकादम्यांची. खानापूर-निपाणी पट्ट्यात फौजेत जायचं स्वप्न घरोघरी. 1.6 किलोमीटर धावणं, बीमवरचे पुल-अप, 9 फुटी खड्डा, झिगझॅग बॅलन्स ही चाचणी मुळात अंग सर्वसाधारणपणे तयार आहे का हे पाहायला केलेली. पंधरा-सोळाची पोरं आता वर्षभर नेमकं तेवढंच घोटतात: तेच अंतर, तोच बीम. नळीच्या हाडात दुखायला लागलं तर फडकं बांधून पळतात, कारण भरतीची तारीख कधीही निघू शकते.