सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या

सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या : हवामानबदलाला तोंड देण्याचे काम सर्व राष्ट्रांचे आहे, मात्र त्याचा भार प्रत्येकाने आपल्या आजवरच्या उत्सर्जनानुसार आणि ऐपतीनुसार उचलावा, असे सांगणारे आंतरराष्ट्रीय पर्यावरणविधीतील तत्त्व. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक चौकट कराराच्या (१९९२) तिसऱ्या अनुच्छेदात ते नमूद आहे.

मराठी वृत्तपत्रांत ‘समान परंतु विभेदित’ असाही पर्याय आढळतो. तो टाळलेला बरा. ‘समान’ म्हटले की सारखा वाटा अभिप्रेत होतो आणि नेमका तोच अर्थ या तत्त्वाला नाकारायचा आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद ‘सामायिक’ असते, तेव्हा हक्क सर्व खातेदारांचा असतो आणि हिस्सा मात्र ज्याचा त्याचा, आणेवारीप्रमाणे, वेगळा. करारातील कल्पना याच जातीची आहे. फरक एवढाच, की तेथे सामायिकपणा नोंदला गेला, पण हिस्से लिहिले गेले नाहीत. ते कोणत्या न्यायाने ठरवावेत याविषयी राष्ट्रांच्या मूल्यकल्पना आणि हितसंबंध यांत मेळ बसलेला नाही.

उगम : तत्त्वाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक पक्ष ते मानवी पर्यावरणावरील १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपर्यंत मागे नेतो. तेथील जाहीरनाम्याच्या २३ व्या तत्त्वात, प्रगत देशांना योग्य ठरणारे निकष विकसनशील देशांना गैरलागू आणि सामाजिकदृष्ट्या न परवडणारे ठरू शकतात, असे म्हटले आहे. याच परिषदेत १४ जून रोजी इंदिरा गांधी यांचे भाषण झाले. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज परिषदेत बोललेल्या त्या एकमेव शासनप्रमुख होत. ‘दारिद्र्य हेच सर्वांत मोठे प्रदूषण’ हे वाक्य त्यांच्या नावावर सर्रास दिले जाते, परंतु भाषणात ते विधान नसून प्रश्न आहे : दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नव्हेत काय? प्रश्नाचे विधान झाल्याने त्याचा रोख बदलतो. गरिबांना दोष देण्याचा त्यात हेतू नव्हता, विकासाशिवाय पर्यावरणरक्षण शक्य नाही हे सांगायचे होते.

दुसरा पक्ष १९८७ च्या माँट्रियल करारनाम्याला मूळ मानतो. ओझोन थराला घातक रसायनांचा वापर दरडोई वर्षाला ०.३ किलोग्रॅमहून कमी असलेल्या विकसनशील देशांना त्याच्या पाचव्या अनुच्छेदाने दहा वर्षांची सवलत दिली. १९९० मध्ये लंडन येथे त्यांच्यासाठी निधीचीही तरतूद झाली, आणि त्यानंतर, १९९२ मध्ये, भारत करारनाम्यात सामील झाला. हा पुरावा वजनदार असला, तरी तेथील भेद प्रामुख्याने मुदतीचा होता. शेवटी सर्वांनी एकाच ठिकाणी पोहोचायचे होते. आजवरच्या दोषाचा हिशेब त्यात नव्हता.

तिसऱ्या मतानुसार आजच्या अर्थाने हे तत्त्व १९८८ ते १९९२ या काळातील वाटाघाटींत घडले. डिसेंबर १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामानबदल हा मानवजातीच्या सामायिक चिंतेचा विषय ठरवला. १९९१ मध्ये अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातर्फे एक पुस्तिका काढली. भातखाचरे आणि गुरे यांतून निघणारा मिथेन व मोटारींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकाच मापाने मोजणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या अहवालावर त्यात घणाघाती टीका होती. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन हा भेद पुढे १९९३ मध्ये तत्त्वचिंतक हेन्री श्यू यांनी अधिक काटेकोरपणे मांडला. भारताने वाटाघाटींत दरडोई उत्सर्जन कालांतराने सर्वत्र सारखे व्हावे असा आग्रह धरला होता. ते सूत्र करारात आले नाही. विकसनशील देशांचे दरडोई उत्सर्जन अजून तुलनेने कमी आहे, एवढी नोंद प्रस्तावनेत राहिली. प्रस्तुत नोंदीत हे तिसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे, कारण ‘सामायिक’ आणि ‘भिन्न’ ही दोन्ही पदे एकत्र येऊन त्यांना जबाबदारीचा आशय मिळतो तो याच टप्प्यावर.

रिओ येथील पर्यावरण व विकास परिषदेच्या जाहीरनाम्याचे सातवे तत्त्व हे करारातील या कलमाचे उगमस्थान असल्याचे अनेकदा लिहिले जाते. करार ९ मे १९९२ रोजी न्यूयॉर्क येथे संमत झाला आणि रिओ परिषद जूनमध्ये भरली, हे पाहता ते विधान सावधपणे घ्यावे. दोन्ही मसुद्यांची भाषाही सारखी नाही. रिओच्या तत्त्वात पर्यावरणाच्या ऱ्हासातील कमीअधिक वाटा हे जबाबदारीचे कारण म्हणून उघड सांगितले आहे. कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदात ते कारण नाही. तेथे समता आणि ‘आपापली क्षमता’ हे शब्द आले. दोष आणि ऐपत यांतील हा फरक शब्दच्छल नव्हे. दोष मान्य केला तर देणे लागते. ऐपतीपोटी दिले तर ते साहाय्य ठरते. सातव्या तत्त्वाच्या कोणत्याही अर्थाने आपल्यावर आंतरराष्ट्रीय दायित्व येते हे मान्य नाही, असे निवेदन अमेरिकेने तेव्हाच नोंदवून ठेवले होते.

न्यायाचे निकष : हिस्से ठरवण्याच्या पद्धती चार-पाच असल्या, तरी खरा झगडा ऐतिहासिक उत्सर्जनाविषयी आहे. पूर्वजांना परिणामांची कल्पना नव्हती, मग त्यांच्या धुराचा भुर्दंड आज का, हा श्रीमंत देशांचा नेहमीचा युक्तिवाद. त्यावरून काही विचारवंत १९९० पासून हिशेब धरावा असे सुचवतात. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण निव्वळ उत्सर्जनापैकी सुमारे ५८ टक्के १९९० पूर्वीचे आहे. म्हणजे पायावर्ष बदलले की निम्म्याहून अधिक खाते पुसले जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत टी. जयरामन, तेजल कानिटकर आदींनी याच्या उलट बाजूने मांडणी केली : वातावरणात मावेल एवढ्या कार्बनचा एकूण साठा ठरवून तो लोकसंख्येप्रमाणे वाटावा आणि प्रत्येक देशाने वापरलेला भाग त्यातून वजा करावा. या मांडणीमागचे मूल्य, म्हणजे वातावरणावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क, नाकारणे अवघड आहे. वाटाघाटींत तिला फारसे यश आलेले नाही.

राजकीय वाटचाल : करारातील देशांची विकसित व विकसनशील अशी विभागणी १९९२ च्या यादीवर गोठली. त्यामुळे सिंगापूर, कतार यांसारखे धनाढ्य देश आजही पहिल्या परिशिष्टाबाहेर, म्हणजे विकसित देशांच्या यादीबाहेर, आहेत. २५ जुलै १९९७ रोजी अमेरिकी सिनेटने, विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार स्वीकारू नये, असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी केला. त्याच वर्षीच्या क्योटो करारनाम्यात फक्त विकसित देशांवर बंधने आली, आणि २००१ मध्ये अमेरिकेने त्याकडे पाठ फिरवली.

पॅरिस करारात (२०१५) या तत्त्वाला ‘भिन्न राष्ट्रीय परिस्थितींच्या प्रकाशात’ अशी पुस्ती जोडली गेली. ती २०१४ च्या अमेरिका-चीन संयुक्त घोषणेतून आली होती. अखेरच्या तासांत चौथ्या अनुच्छेदातील विकसित देशांविषयीचे बंधनकारक क्रियापद बदलून ऐच्छिक करण्यात आले. अमेरिकी सिनेटपुढे जावे लागू नये हे त्याचे कारण मानले जाते. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद’ ऐवजी ‘कमी’ करण्याची दुरुस्ती भारताने मांडली आणि जगभरातून टीका ओढवून घेतली. तेच क्रियापद तीन दिवस आधीच्या अमेरिका-चीन घोषणेत चीनच्या कोळशाविषयी होते, आणि तेल व वायू यांना मसुद्यात हातच लावलेला नव्हता, हे टीकाकारांनी क्वचितच नोंदवले. पैशाच्या बाबतीत विकसित देशांनी विकसनशील देशांना दिलेले १०० अब्ज डॉलरचे वार्षिक वचन (२००९) मुदतीत पाळले गेले नाही. बाकू येथे (२०२४) ठरलेल्या ३०० अब्जांच्या लक्ष्यावर भारताने जाहीर हरकत घेतली.

भारत : जून २००७ मध्ये मनमोहन सिंग यांनी भारताचे दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या पुढे जाणार नाही असे जाहीर केले. भूमिकेतील लवचिकता २००९ पासून वाढली. पॅरिस येथे शिष्टमंडळाचे नेतृत्व प्रकाश जावडेकर यांच्याकडे होते. भारताने लावून धरलेले ‘हवामान न्याय’ आणि ‘शाश्वत जीवनशैली’ हे शब्द प्रस्तावनेत आले, कलमांत नाहीत. ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण असे, लक्ष्य जाहीर झाले.

राष्ट्रीय सरासरीच्या आड देशातील श्रीमंतांचे उत्सर्जन झाकले जाते, हा आक्षेप भारतातच २००७ पासून घेतला जात आहे आणि तो रास्त आहे. दरडोई न्याय सीमेपाशी थांबवण्याला तात्त्विक आधार सापडत नाही. देशांतर्गत हिस्सेवाटपावरील लेखन मात्र तुरळक आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मार्च २०२२ मधील हवामान कृती आराखड्यात निव्वळ शून्याचे वर्ष २०५० धरले आहे, म्हणजे देशाच्या वीस वर्षे आधी.