छप्परबांधणीतील जतन व पुनर्वापर (नाशिक जिल्हा)

छप्पर घालताना किंवा दुरुस्त करताना जुनी कौले, लाकूड व पत्रे शक्य तितके पुन्हा वापरणे, छपराचे आयुष्य वाढवणे आणि त्यावर पडणारे पाणी राखणे, ही कामे या विषयात येतात.

जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही, म्हणून छपरेही सारखी नाहीत. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस होतो. येवल्याकडे ५००-६०० मिमी झाला तरी साल बरे म्हणायचे. घाटाकडे कुडाच्या भिंती, उतरती पाखी आणि वर गवत किंवा नळीची कौले. पूर्वेकडे पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर म्हणजे माळवद, असा जुना रिवाज. मंगळुरी कौल उशिराचे. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला त्याचा कारखाना १८६५ मध्ये काढला.

शाकारणी (कौले उतरवून, नीट करून पुन्हा घालणे) : नळीचे कौल कुंभार चाकावर निमुळता नळा काढून, तो उभा चिरून करतो. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. कौलाला खाच नसल्याने वारा, मांजर, त्र्यंबककडची माकडे ते सहज सरकवतात, म्हणून मृगाआधी घर शाकारावे लागते. कारागीर पाय वाशावरच ठेवतो. आढ्याकडून कौले उतरवायची, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) तपासायच्या, किडलेल्या तेवढ्या बदलायच्या आणि वळचणीकडून पुन्हा चढवत न्यायचे. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहतात : खणखणीत वाजले तर वर, बद्द वाजले तर बाजूला. बाजूला काढलेलेही वाया जात नाही. कुटून त्याची सुरखी (भुकटी) चुन्यात घालत असत. मंगळुरी कौले एकमेकांत अडकतात, तिथे फुटकी तेवढी बदलून भागते. खर्च कौलांचा कमी, मजुरीचा जास्त. जाणता माणूस मिळेनासा झाला की लोक पत्र्याकडे वळतात. पर्यावरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नव्या शीटपेक्षा दरसाल शाकारलेले जुने छप्पर बहुधा उजवे ठरते. विक्रेता अर्थातच हे सांगणार नाही.

पत्रा स्वस्त आणि हलका. मंगळुरी छपराचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोंच्या पुढे जाते, तर अर्धा मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्याचे चार-पाच किलो. त्यामुळे खालचा सांगाडा बारीक चालतो. मात्र वळवाच्या वाऱ्यात हुक ढिले असले तर पत्रा उडतो, आणि उन्हात तापतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये यावर पंख्यांसारखे उपाय करता येतात. कांदाचाळीला ते परवडत नाहीत. उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकवायचा तर छप्पर थंड हवे आणि बाजूंनी वारा खेळता हवा. घर पाडले की निघालेली मंगळुरी कौले चाळीवर चढवणे म्हणूनच शहाणपणाचे. जुने सागवान वासेही कापून दारे-चौकटींना वापरतात.

शहरात प्रश्न स्लॅबचा. गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा थर म्हणजे ब्रिकबॅट कोबा करतात, त्यावर फरशीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक. टाकाऊ तुकडे कामी येतात आणि पांढरा रंग ऊन परतवतो. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. ७०० मिमीला ७०,००० लिटर, त्यातले पाचव्या हिश्शाइतके वाया गेले तरी ५६,००० उरते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

मोडीचा खरा पेच सिमेंट पत्र्याचा आहे. लोखंडी पत्रा भंगारात किलोच्या भावाने जातो आणि वितळून पुन्हा पोलाद होतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असतात; ते श्वासातून गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. असा पत्रा कापू, घासू किंवा फोडू नये. ओला करून, बोल्ट सोडून अख्खा उतरवावा. भंगारात त्याला भाव नाही, त्यामुळे तो सहसा गोठ्याच्या आडोशाला लागतो किंवा नाल्याकाठी तुकड्यांत पडतो.